ठक, ठग आणि थग

शब्दांच्याही बदल्या होतात, हे ज्यांचे सारे आयुष्य बदलीच्या नोकरीत गेले त्या आमच्या वाचकांस निराळे समजावून सांगावयास नको. माणूस आपला मुलूख सोडून परप्रांतात जातो, तेथे त्यास नवा हुद्दा मिळतो, नवी बोली त्याच्या तोंडी बसते, आणि पुष्कळ वर्षांनी तो घरी परतला म्हणजे दारातली माणसे क्षणभर थबकून त्याच्याकडे पाहतात. शब्दांचेही असेच होते. इंग्रजी भाषेत आज रोजच्या वापरात असलेला एक शब्द मूळचा आपल्या घरचा आहे. तो परदेशी गेला तो आमच्या ह्या जबलपुरातल्या एका कचेरीतून. आणि आता परत येतो तेव्हा घरच्या माणसांस त्याची ओळख पटत नाही.

ह्याचा अनुभव आम्हांस एका स्नेह्यांच्या घरी आला. त्यांचा अमेरिकेत वाढलेला दहाबारा वर्षांचा नातू सुटीत जबलपुरास आला होता. आजी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून फळे घेऊन आल्या, घरच्या काट्यावर ती पुन्हा तोलली, आणि म्हणाल्या, "मेला ठग निघाला! आजी, आजी म्हणून गोड बोलला आणि पावशेर मारला." नातवास मराठी बऱ्यापैकी समजते. ठग हा शब्द कानी पडताच त्याने घाबरून विचारले, "आजी, त्याच्याकडे चाकू होता का? पोलिसांना बोलवायचं का?" सारे घर हसले. आजीच्या मनातला ठग गोड बोलून वजनात मारणारा. नातवाच्या मनातला थग दांडगा, रस्त्यात माणसास आडवणारा, हाणामारी करणारा. आजीच्या ठगाचे सारे बळ जिभेत, नातवाच्या थगाचे सारे बळ मनगटात. शब्द एकच असता दोन पिढ्यांच्या मनांत दोन निराळी माणसे कशी उभी राहिली? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेले असता पुन्हा जबलपुरासच यावे लागते, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. संस्कृतात स्थग् म्हणजे झाकणे, लपविणे. त्यावरून स्थग म्हणजे कपटी, खरे ते झाकून खोटे दाखविणारा. प्राकृतातून उतरताना त्याचा हिंदीत ठग झाला आणि मराठीत मुख्यतः ठक. ह्याच धातूपासून स्थगित हा शब्द आला आहे. आमच्या नगरात १९५६ पासून मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय आहे आणि येथील अर्धे गाव कोणत्या ना कोणत्या स्थगितीच्या मागे धावत असते; त्या स्थगितीचे आणि ठगाचे कूळ एक आहे हे ऐकून वकीलमंडळी रागावतील की खूष होतील हे सांगवत नाही. असो.

मराठीने ह्या शब्दाचा जो संसार थाटला तो मोठा गमतीचा आहे. ठकविणे, ठकबाजी हे तर आहेतच. पण मराठीत ठकणे असेही एक क्रियापद आहे आणि ते फसविणाऱ्याचे नसून फसलेल्याचे आहे. "मी ठकलो" असे म्हणताना मराठी माणूस काहीसा स्वतःवरच हसतो. ठकास महाठक भेटला म्हणजे त्यास आनंद होतो. संतांच्या वाणीत मायासुद्धा माणसास ठकविते. ह्या साऱ्या वापरात ठक हा निंद्य खरा, पण त्याच्या हाती शस्त्र नाही. बुद्धीची लढाई बुद्धीने खेळणारा, आणि बऱ्याचदा आपल्याच लोभामुळे आपणांस गाठणारा, असा तो आहे. मुंबईत १८०८ साली ड्रमंड नावाच्या इंग्रज गृहस्थाने गुजराती व मराठी भाषांविषयी एक ग्रंथ छापला. त्यात त्याने ह्या शब्दाचा फसव्या, लबाड एवढाच अर्थ नोंदविला आहे. म्हणजे त्या सालापर्यंत तरी इंग्रजांच्या कानी पडलेला मराठी ठक आणि आमच्या स्नेह्यांच्या मातोश्रींचा ठग ह्यांत काही अंतर नव्हते.

वाटसरूंच्या गळ्यास फास लावून त्यांस लुटणारे लोक त्या काळी नव्हते असे मात्र नव्हे. सतराव्या शतकात आलेल्या तेव्हनो ह्या फ्रेंच प्रवाशाने दिल्ली-आग्रा रस्त्यावरील फासेकऱ्यांचे वर्णन केले आहे. दक्षिणेत त्यांस फांसिगार म्हणत. मद्रासेच्या डॉक्टर शेरवुडने १८१६ साली त्यांच्यावर लेख लिहिला तो फांसिगार ह्याच नावाने. उलटपक्षी झियाउद्दीन बरनी सांगतो की, जलालुद्दीन खिलजीच्या कारकिर्दीत सुमारे हजार ठग धरले गेले आणि सुलतानाने त्यांस न मारता नावांत घालून लखनौतीकडे सोडून दिले. पण हे ठग गळा दाबणारे होते की नुसते फसविणारे, ह्याचा त्याने उलगडा केलेला नाही. सारांश, फसविणाऱ्यास एक शब्द होता आणि गळफास लावणाऱ्यास दुसरा होता. दोहोंचे काम एका शब्दावर आले ते इंग्रजी अमदानीच्या आरंभी. इटाव्याच्या इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या कागदांत १८१० च्या सुमारास ठग शब्द खुनी लुटारूंना लावलेला आढळतो. मात्र त्या अर्थास कोश, खाते आणि कायदा अशी तिहेरी सनद मिळाली ती नर्मदेच्या काठी.

जबलपूर आणि नर्मदेचे खोरे १७९८ नंतर नागपूरकर भोसल्यांकडे होते. १८१७ च्या युद्धात ते इंग्रजांकडे गेले आणि पुढे सागर-नर्मदा टापू म्हणून त्याचा निराळा कारभार सुरू झाला. मिर्झापुराहून जबलपुरावरून नागपूर-दख्खनकडे येणारा रस्ता हा ह्या टापूचा कणा होता. सावकारांचा ऐवज नेणारे जासूद, रजेवर पगार गाठीशी बांधून गावी निघालेले शिपाई, आणि काशीयात्रेस निघालेली आपल्याकडील माणसे ह्याच वाटेने जात. यात्रेस निघताना घरच्यांचा शेवटचा निरोप घ्यावयाचा ही जुनी चाल उगीच पडली नव्हती. एकट्यादुकट्याने जाण्यापेक्षा सोबत बरी, असे वाटसरूस वाटे. आणि सोबत करावयास पुढे येणारा मनुष्य भला आहे की कसा हे ओळखण्यास त्याच्या गोड वाणीखेरीज दुसरे साधन नसे. ठग हा शब्द खुनी माणसास चिकटला तो ह्याच धाग्याने. हे खुनी आधी विश्वास संपादन करीत, दिवसच्या दिवस बरोबर चालत, एका पंक्तीस बसत, आणि मग एखाद्या अमराईत रुमालाने गळा आवळीत.

ह्या प्रदेशात १८२० साली मुलकी नोकरीवर आलेला विल्यम हेन्री स्लीमन हा कॉर्नवॉल परगण्यातला लष्करी अधिकारी. १८२२ ते १८२४ तो नरसिंहपूर जिल्ह्याचा अंमलदार होता. पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की, आपल्या जिल्ह्यात साधी चोरी झाली तरी आपणांस कळते असा त्यास भरवसा होता. आणि त्याच वेळी त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत कंदेली गावात ठगांची एक टोळी राहत होती, आणि एका मजलेवरील मुंडेसरच्या अमराया म्हणजे प्रेते पुरण्याच्या नामांकित जागांपैकी एक होती. त्या वेळी कोणी हे सांगितले असते तर आपण त्यास वेड्यात काढले असते, असे तो प्रांजळपणे कबूल करतो. जिल्ह्याचा कारभार पाहिलेल्या आमच्या वाचकांपैकी हे वाचून ज्याच्या पोटात थोडेसे कालवणार नाही असा विरळाच. आपल्या टेबलापासून चारशे यार्डांवर काय चालले आहे ते आपणांस खरोखर ठाऊक असते काय?

१८२८ साली स्लीमन जबलपूर जिल्ह्यावर आला. गव्हर्नर जनरल बेंटिंक ह्याचा पाठिंबा आणि येथील एजंट कर्वेन स्मिथ ह्याचे साहाय्य मिळून ठगांविरुद्धची मोहीम उभी राहिली. १८३५ साली स्लीमन ह्या कामाचा प्रमुख झाला आणि जबलपूर ठगीचे मुख्य ठाणे बनले. मोहिमेचे यंत्र माफीच्या साक्षीदारांवर चाले. पकडलेल्या ठगास जीवदान देऊन त्याच्याकडून साथीदारांची नावे, वंशावळी, पुरलेल्या प्रेतांच्या जागा काढून घ्यावयाच्या, त्या ताडून पाहावयाच्या, आणि पुढील माणसे धरावयाची. फिरंगिया नावाचा जमादार ह्या साक्षीदारांत अग्रगण्य होता. जमिनीतून सांगाडे निघत, तेव्हा साक्ष खरी ठरे. ते सांगाडे खरे होते हे विसरून चालणार नाही. काही अलीकडच्या अभ्यासकांनी ठगी ही केवळ इंग्रजांची कल्पना असल्याचा पक्ष मांडला. पण किम वॅग्नर ह्या इतिहासकाराने २००७ च्या आपल्या ग्रंथात जुने कागद तपासून दाखविले आहे की, खून होत होते, टोळ्याही होत्या. मात्र साऱ्या हिंदुस्थानात पसरलेला, देवीच्या आज्ञेने चालणारा एकच गुप्त पंथ, हे जे चित्र रंगविले गेले ते वस्तुस्थितीहून फार मोठे होते. दुष्काळ, बेकारी, मोडलेल्या फौजा आणि जमीनदारांचा आश्रय अशी पुष्कळशी कारणे त्या टोळ्यांमागे होती.

स्लीमनने १८३६ साली कलकत्त्यास एक विलक्षण ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे नाव रामसियाना. ठगांच्या रामसी नामक गुप्त बोलीचा तो कोश. जबलपूर-सागरच्या तुरुंगांतील साक्षीदारांच्या तोंडून जमविलेल्या ह्या शब्दांत वाटसरूस भुलविणारा तो सोठा, गळा आवळणारा तो भुर्तोट, खड्डा खणणारा तो लुघा, खुनाचा इशारा ती झिरणी. परंतु आमच्या मनास सर्वांत बोचला तो बनिज हा शब्द. बनिज म्हणजे व्यापाराचा माल. आणि रामसीत वाटसरूचे नाव बनिज. ज्याच्याशी चार दिवस सुखदुःखाच्या गोष्टी करावयाच्या त्याचा गळा आवळताना हात कचरू नये, म्हणून त्यास आधी माणसांतून काढून मालात जमा करावयाचे. क्रौर्याचे पहिले काम रुमाल करीत नाही, ते शब्द करतो.

आणि आता दुसरी बाजू पाहू. ज्या वर्षी हा कोश निघाला त्याच वर्षी, १८३६ साली, कंपनी सरकारने तिसावा कायदा केला. ह्या कायद्याने, जो कोणी ठगांच्या टोळीत होता असे शाबीत होईल, मग तो कायदा होण्यापूर्वी असो वा नंतर, कंपनीच्या मुलखात असो वा बाहेर, त्यास जन्मभर सक्तमजुरीची शिक्षा ठरली. कोणाचा खून केला, कधी केला, कोठे केला, हे दाखविण्याची आवश्यकता राहिली नाही. टोळीत असणे पुरे झाले. विशेष हे की, ठग म्हणजे कोण ह्याची व्याख्या त्या कायद्यात दिलेलीच नव्हती. ज्या शब्दावर माणसाचा जन्म जावयाचा त्या शब्दाचा अर्थ कायद्याने सांगितला नाही. तो साक्षीदाराने आणि कचेरीने ठरवावयाचा होता. राधिका सिंघा ह्यांनी त्या काळातील फौजदारी कायद्यावरील आपल्या १९९८ च्या ग्रंथात ह्या गोष्टीचा मार्मिक ऊहापोह केला आहे. आकडे पाहिले तर १८३१ ते १८३७ ह्या काळात ३,२६६ ठगांचा निकाल लागला. त्यांपैकी ४१२ फाशी गेले आणि ४८३ माफीचे साक्षीदार झाले. उरलेल्यांपैकी बहुतेक काळ्या पाण्यावर वा तुरुंगात गेले. त्यांत भुर्तोट किती, लुघा किती, आणि दुर्दैवाने कोणा साक्षीदाराच्या जिभेवर नाव आले एवढाच ज्यांचा अपराध ते किती, हे निवडण्याचे साधन कायद्याने मागितले नव्हते.

शब्द तेथेच थांबला नाही. तो अक्षरशः कातडीवर गेला. शिक्षा झालेल्या ठगांच्या कपाळावर तो ठग असल्याची अक्षरे गोंदविण्याची चाल त्या काळी होती. गोंदण्याची ही शिक्षा १८४९ साली बंद झाली. सागरास फाशी गेलेल्या सात जणांच्या कवट्या तेथील इंग्रज डॉक्टरने स्कॉटलंडात एडिंबऱ्यास पाठविल्या. कवटीच्या उंचसखलपणावरून स्वभाव सांगणारे विद्वान तेथे होते. त्यांस ठगपणा हाडात कोठे दिसतो ते पाहावयाचे होते. इकडे जबलपुरास माफीच्या साक्षीदारांची आणि त्यांच्या बायकामुलांची वसाहत झाली, १८३७-३८ च्या सुमारास उद्योगशाळा निघाली, आणि तंबू व गालिचे विणण्याचे काम त्यांस शिकविले गेले. ह्या कामाबद्दल स्लीमनास यश द्यावे तेवढे थोडे. पण त्या वसाहतीत जन्मलेले आणि आयुष्यात तंबूच्या दोरीखेरीज कशालाही गाठ न मारलेले मूलसुद्धा सरकारी कागदांत ठगाचे मूल म्हणूनच वाढले.

अखेर १८६० च्या भारतीय दंडसंहितेने कलम ३१० मध्ये ठगाची व्याख्या केली. खुनासह जबरी चोरी करण्यासाठी किंवा मुले पळविण्यासाठी इतरांशी नेहमीचा संबंध ठेवणारा तो ठग. आणि कलम ३११ अन्वये त्यास जन्मठेप. व्याख्या नीट वाचली तर एक आश्चर्य लक्षात येते. तीत रुमाल नाही, देवी नाही, आणि मुख्य म्हणजे फसवणूक नाही. स्थग् धातूचा जो प्राण, झाकणे आणि भुलविणे, तोच व्याख्येतून गळून गेला. फसवणुकीस त्याच संहितेत निराळे घर मिळाले, ते कलम ४२०. तेव्हापासून चमत्कार असा झाला की, बाजारात लोक ज्यास ठग म्हणत त्याच्यावर चारशेवीसचा खटला भरला जाई, आणि कायद्याच्या पुस्तकात ज्यास ठग म्हटले होते तो बाजारात कोणास भेटेनासा झाला. लोकांनी आपला जुना अर्थ सोडला नाही. त्यांनी चारसोबीस हा नवा शब्द मात्र आनंदाने पदरात घेतला.

इंग्रजी भाषेत गेलेला ठग तो हा कचेरीतला ठग होय. इंग्रजी लिपीत ठ नाही, म्हणून त्याचा उच्चारही वाटेत थ झाला. १८३९ साली निजामाच्या राज्यात नोकरीस असलेल्या मेडोज टेलरची, अमीर अली ह्या ठगाच्या तोंडी घातलेल्या कबुलीजबाबाची कादंबरी लंडनात गाजली. त्याच वर्षाच्या अखेरीस कार्लाइलने, ग्लासगोच्या सूतगिरण्यांतील संपकरी कामगारांच्या हिंसेविषयी लिहिताना, हाच शब्द वापरला. स्लीमनचा कोश निघून अवघी तीन वर्षे झाली होती. तेवढ्यात जबलपूरचा शब्द विलायतेतल्या गरीब मजुराच्या अंगावर जाऊन पडला. पुढे युजीन स्यूने आपल्या फ्रेंच कादंबरीत ठग आणला. अमेरिकेत निवडणुकीच्या काळात दंगा करणाऱ्या टोळ्यांस ते नाव मिळाले. १८९६ साली हिंदुस्थानात फिरून गेलेल्या मार्क ट्वेनने आपल्या प्रवासवर्णनात स्लीमनच्या ठगांस पानेच्या पाने दिली. चित्रपटांनी उरलेले काम पुरे केले. ह्या प्रवासात आधी देवी गेली, मग रुमाल गेला, शेवटी गोड वाणीही गेली. उरला तो केवळ दंडेली करणारा मनुष्य. आजीच्या ठगाजवळ जे एकमेव शस्त्र होते, म्हणजे जीभ, तेच नातवाच्या थगाजवळ राहिले नाही.

एवढ्यावर हा प्रवास संपता तर ती भाषाशास्त्राची एक करमणूक ठरली असती. परंतु आजच्या अमेरिकेत ह्या शब्दास आणखी एक धार आली आहे. २०१४ च्या जानेवारीत रिचर्ड शर्मन ह्या काळ्या खेळाडूने सामना जिंकल्यावर आवेशाने चार शब्द बोलताच वृत्तपत्रांनी आणि प्रेक्षकांनी त्यास थग म्हटले. तो विद्यापीठाचा पदवीधर. त्याने कोणास बोटही लावले नव्हते. काळ्या माणसास जी जुनी शिवी आता उघडपणे देता येत नाही तिच्या जागी हा शब्द आला आहे, असे त्याने शांतपणे सांगितले. पुढल्या वर्षी बाल्टिमोर शहरात दंगा झाला, तेव्हा तेथील महापौरबाईंनी आणि राष्ट्राध्यक्ष ओबामांनीही हा शब्द उच्चारला. दोघेही स्वतः कृष्णवर्णीय. त्यावरून वाद माजला आणि महापौरबाईंनी आपला शब्द मागे घेतला. कृती न पाहता माणसाच्या जातीस अपराध चिकटविणे, हा जो गुण ह्या शब्दास १८३६ च्या कायद्याने दिला होता, तो समुद्रापलीकडेही त्याच्या अंगी टिकून राहिला, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे तर त्या कायद्याची संतती फारच वाढली. ठग संपले, पण टोळीत असणे हाच गुन्हा ही कल्पना संपली नाही. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि जन्मतःच गुन्हेगार ठरलेल्या जमातींच्या याद्या तयार झाल्या. हरणे व पाखरे धरण्यासाठी फासे लावणारा फासेपारधी त्या यादीत गेला. तो कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला रद्द झाला आणि ह्या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊ लागल्या. कागद मुक्त झाला. शब्द झाला काय? मराठीत उचल्या म्हणजे चोर आणि उचल्या म्हणजे एक जमात. त्या जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनास तेच नाव दिले आणि पुढल्या वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भामटा हाही तसाच शब्द. आपण तो लबाड माणसास सहज लावतो. आणि महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा ही एक जात आहे.

येथे आम्हांस आमची स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्याचे आजवर आम्ही टाळले. नोकरीच्या मध्यावर, ह्याच प्रांतातील एका कचेरीत, चौकीदाराच्या जागेसाठी निवडलेल्या एका तरुणाच्या चारित्र्याची पडताळणी आमच्याकडे आली. तो मूळचा महाराष्ट्रातला, म्हणून तेथील जिल्ह्यातून मराठी कागद मागविला होता. कचेरीत त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. मूळ कागदात जातीच्या रकान्यात भामटा असा एकच शब्द होता. भाषांतरकारास मराठी पुस्तकी येत होते. त्याने कोशात पाहिले आणि फसवेगिरी करणारा अशा अर्थाचा इंग्रजी शब्द शेऱ्यात लिहिला. मूळ मराठी कागद त्याच्याखालीच टाचलेला होता. त्या कचेरीत तो वाचू शकणारे आम्हीच काय ते एक. पण त्या दिवशी समोर कागदांचा ढीग होता. आम्ही भाषांतर वाचले आणि खाली सही केली.

तीन महिन्यांनी त्या मुलाचे वडील भेटावयास आले. हातात मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला होता. ते बराच वेळ उभेच राहिले. मग मराठीत म्हणाले, "साहेब, भामटा ही आमची जात आहे. आमचा धंदा नाही." आम्ही कागद मागविला, वरचे पान उलटले आणि खालचे वाचले. चूक दुरुस्त केल्याची टिप्पणी त्याच दिवशी लिहिली. पण जागा भरली गेली होती. ती त्या मुलास मिळाली नाही. जाताना त्यांनी आम्हांस नमस्कार केला, तो आम्हांस फार जड गेला.

स्लीमन आणि त्याचे कारकून दुष्ट नव्हते. आम्हीही नव्हतो. जंगलातून सांगाडे काढणारा, उन्हातान्हात घोड्यावर फिरणारा, ठगाच्या मुलास विणकाम शिकविणारा तो अधिकारी आमच्याहून कितीतरी पटींनी कष्टाळू होता. जबलपूर-कटनी रस्त्यावरचे स्लीमनाबाद अजून त्याचे नाव चालविते. अयोध्येचे राज्य खालसा करू नये असे त्याने डलहौसीस बजावले होते आणि १८५६ साली मायदेशी जाताना तो समुद्रावरच वारला. त्याचे ठगी खाते मात्र टिकले. १९०४ साली कर्झनच्या कारकिर्दीत त्याचेच रूपांतर मध्यवर्ती गुन्हे-गुप्तवार्ता खात्यात झाले. शब्दास व्याख्या न देता त्यावर शिक्षा ठरविणे, आणि मूळ कागद न पाहता भाषांतरावर सही करणे, ह्या दोन गोष्टी आकाराने लहानमोठ्या असतील. जात एकच आहे.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि दंडसंहितेतील ठगाची दोन्ही कलमे नव्या संहितेत आली नाहीत. नव्या संहितेत ३१० हा आकडा दरोड्यास मिळाला आणि ४२० चा विषय ३१८ मध्ये गेला. अशा रीतीने १८३६ साली कायद्यात शिरलेला ठग एकशे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी कायद्यातून निवृत्त झाला. त्याच्या निरोपाचा समारंभ झाला नाही. बहुतेक वकिलांच्याही ते लक्षात आले नसावे. बाजारात तो होता तसाच आहे. आमच्या स्नेह्यांच्या मातोश्री परवाच पुन्हा म्हणाल्या की, फुहाऱ्यावरचा तो मेला ठग आता दोन केळी वर देऊ लागला आहे, म्हणून त्या त्याच्याकडेच जातात. नातवाने अमेरिकेहून दूरध्वनीवर विचारले, "आजी, तो ठग बरा आहे का?" त्यास आता शब्दाचा अर्थ कळला आहे असे दिसते.

आमचे सेवानिवृत्तीचे दिवस ह्याच गावी चालले आहेत. कोणी तरुण अधिकारी सल्ला मागावयास आला तर आम्ही कायद्याचे काही सांगत नाही. ते त्यास आमच्याहून अधिक ठाऊक असते. एवढेच सांगतो की, माणसाविषयी एका शब्दात शेरा आला तर सही करण्यापूर्वी खालचे पान उलटून पाहावे.